पंचवीस मीटर

तुळजोजीरावांना चांगलं म्हणणारा माणूस मला म्हैसुरात अजून भेटायचाय, आणि त्यांना लबाड म्हणणाराही. ते मोटार चालवायला शिकवत. शिक्षकाला कानडीत मेष्ट्रु म्हणतात, तेच त्यांचं नाव झालं होतं. त्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या ऑफिसात मी सहा वर्षं टायपिस्ट होते. लर्नरचे फॉर्म भरायचे, फोटो चिकटवायचे, टेस्टच्या तारखा लावून घ्यायच्या, हे माझं काम. त्या सहा वर्षांत शेकडो लोकांना माझ्यासमोर लायसन मिळालं, पण मेष्ट्रुंनी त्यातल्या एकाचंही अभिनंदन केलेलं मला आठवत नाही.

उंच, काटकुळे, कडक इस्त्रीची खाकी पँट, ओठांवर मोजून कापलेली मिशी. त्यांचे पूर्वज महाराजांच्या घोडदळात होते, हे ते दर नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगत. इनामाची जमीन कधीच गेली होती, घोडा गेला होता, तलवार घरात कुठल्याशा खिळ्यावर गंजत होती. राहिलं होतं ते त्यांचं लायसन. जुन्या पद्धतीचं, पुस्तकासारखं, मेणकापडाच्या पाकिटात घातलेलं. ते डाव्या खिशात असे आणि दिवसातून चार वेळा बाहेर निघे. "चाळीस वर्षं झाली. एक शेरा दाखव. एक!" असं म्हणून ते समोरच्याला पानं उलटायला लावत. त्यांना मूलबाळ नव्हतं, घरी बायकोशी फारसं बोलणं नव्हतं, मित्र म्हणावा असा कुणी नव्हता. ते पाकीट काढून घेतलं असतं तर त्या माणसाजवळ खाकी पँटीखेरीज काही उरलं नसतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्यांना तर होतंच.

पहिल्या दिवशी ते कुणालाही गाडीला हात लावू देत नसत. अपघातातल्या मोडक्या गाड्या जिथं आणून टाकतात त्या आवारात ते नव्या शिकाऊ लोकांना चालत घेऊन जात. तिथं एखादी चेपलेली मोटार निवडायची, दार ओढून उघडायचं आणि माणसाला आत बसायला सांगायचं. काच टोचते म्हटलं तर म्हणायचे, "ज्याची होती त्यालाही टोचली की. बैस." एकदा बँकेतले एक जाडजूड अधिकारी आले होते. सीटवरचा वाळलेला काळा डाग कसला, असं त्यांनी विचारलं. मेष्ट्रुंनी सांगितलं. अधिकारी बाहेर येऊन ओकले. मेष्ट्रु शांतपणे उभे राहून बघत होते आणि ओकून झाल्यावर म्हणाले, "लायसन म्हणजे काय, आता सांगतो. माणूस मारायची सरकारनं दिलेली परवानगी. पाहिजे का अजून?" अधिकाऱ्यांना पाहिजे होतं. ते पुढं चांगले शिकले आणि मला वाटतं, आजही चाळीसच्या वर जात नसतील.

गाडीत त्यांच्या मांडीवर एक लाकडी फूटपट्टी असे. क्लचवरून पाय लवकर सुटला की गुडघ्यावर पट्टी. आरशात न बघता वळलं की कोपरावर पट्टी. शिकणारा कॉलेजातला प्राध्यापक असो की लग्न ठरलेली मुलगी, पट्टीला भेदभाव नव्हता. लोक तरीही त्यांच्याकडेच येत. दुसऱ्या स्कूलांत एजंटच्या हातून आठ दिवसांत लायसन मिळे, पण बापलोक म्हणत, मेष्ट्रुंकडे जा, मार खाशील पण मरणार नाहीस.

नजर तपासायची त्यांची पद्धत अशी. सरकारी फॉर्मात लिहिलेलं असतं की पंचवीस मीटरवरून गाडीचा नंबर वाचता आला पाहिजे. बाकीच्या स्कूलांत त्या ओळीपुढं नुसती बरोबरची खूण करत. मेष्ट्रुंनी दोरीनं मोजून ऑफिसच्या पायरीपासून रस्त्यापलीकडच्या बंद राइस मिलच्या फाटकापर्यंत पंचवीस मीटर काढले होते. फाटकाशी एखादी गाडी उभी करायची, माणसाला पायरीवर उभं करायचं आणि सगळ्यांदेखत नंबर वाचायला लावायचा. गाडी ते दर वेळी बदलत. "पाठ करून येणारे शहाणे भेटलेत मला," असं म्हणत.

लिंगय्या नावाचा एक टेम्पो ड्रायव्हर होता. पंचवीस वर्षं गाडी चालवलेली, लायसन नवं करून घ्यायला आला होता. चष्मा लावूनही त्याला नंबर दिसेना. तो हात जोडून कानडीत गयावया करू लागला. दोन मुली लग्नाच्या आहेत, चष्मा लावतो, कागद तेवढा पुढं जाऊ द्या. मेष्ट्रुंनी त्याला खांद्याला धरून वळवलं आणि नाक भिंतीला टेकेल इतकं पुढं ढकललं. भिंतीवर आमच्या स्कूलची पाटी रंगवलेली होती. "हे दिसतं? वाच." लिंगय्यानं वाचलं. "झालं तर मग. एवढ्याच अंतरावरचं काम शोध." व्हरांड्यातले लोक हसले. तेवढ्यावर न थांबता त्यांनी दुसऱ्या दोन स्कूलांत जाऊन लिंगय्याचं नाव सांगून ठेवलं. पुढं तो एका लग्नाच्या हॉलमध्ये लसूण सोलायला बसे. मी एका लग्नाला गेले असताना त्यानं मला ओळखलं आणि मान खाली घातली.

मेष्ट्रुंचं चूक होतं का? नव्हतं. त्यांचं कधीच चूक नसे, हेच त्यांचं असह्य होतं.

माझं म्हणाल तर, मला नोकरीवर ठेवताना त्यांनी गाडी शिकवायचं कबूल केलं होतं. शिकवलीही. दीड वर्षात मी अँबॅसिडर आमच्या अरुंद गल्लीतून रिव्हर्सनं बाहेर काढत असे, भिंतीला न घासता. पण टेस्टला पाठवा म्हटलं की उत्तर ठरलेलं, "अजून नाही." शेकडो लोकांचे फॉर्म मी भरले, माझा एक फॉर्म ड्रॉवरमध्ये पिवळा पडला. लायसन मिळालं की ही दुसरी नोकरी बघेल, अशी त्यांना भीती असावी. ती खरीही होती. चौथ्या वर्षी मी सगळ्यांसमोर जरा ठसक्यात विचारलं, "मेष्ट्रु, माझ्यात काय कमी आहे ते तरी सांगा." आमचं घराणं रंगाऱ्यांचं. धंदा वडिलांच्याच वेळी बंद पडला होता, पण म्हैसुरातली मराठी माणसं एकमेकांची पाळंमुळं विसरत नाहीत. मेष्ट्रुंनी वर न बघता सांगितलं, "रंगाऱ्याची पोर गे तू, सुमित्रा. तुला रंग कळतात. अंतर कळत नाही. ते घोड्यावर बसणाऱ्यांच्या रक्तात असतं. सुम्ने टाइप कर." व्हरांडा हसला, लिंगय्याच्या वेळी हसला होता तसाच. मी सुम्ने, म्हणजे गुमान, टाइप केलं आणि तो अपमान गिळला. गिळला म्हणजे पचला असं नाही.

सहाव्या वर्षी माने आले. कराडकडचे, कडकोळच्या एका कारखान्यात नवे फोरमन. त्यांचं मराठी खडखडीत देशावरचं, आमचं मराठी कानडीत भिजलेलं. ते आमच्याशी बोलताना दर वाक्याला कपाळाला आठी घालत. पहिल्याच दिवशी गाडी चौकात आली आणि मेष्ट्रु ओरडले, "एडा! एडा!"

कानडीत डावी बाजू म्हणजे एडा आणि उजवी म्हणजे बला. आम्ही लहानपणापासून घरातही तसंच म्हणतो, त्यात आम्हाला काही वाटत नाही. मान्यांना हे कोण सांगणार! त्यांनी तीन दिवस ऐकून घेतलं. चौथ्या दिवशी भर मार्केटात गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि म्हणाले, "मास्तर, वयानं मोठे आहात म्हणून गप्प बसलो. पण चार लोकांत येडा कुणाला म्हणता?"

मागं बसांची रांग लागली. मेष्ट्रुंना आधी कळेना. कळल्यावर ते हसले असते आणि समजावून सांगितलं असतं, तर ही गोष्टच झाली नसती. पण समोरच्याचं दुखतं कुठं हे कळलं की तिथंच बोट ठेवायचं, ही त्यांची जन्माची खोड. त्यांनी मान्यांना काहीच सांगितलं नाही. उलट त्या दिवसापासून जरा जास्तच मोठ्यानं, जरा जास्तच लांबवून "येऽडा!" म्हणू लागले, वळायचं असो वा नसो. परत आल्यावर व्हरांड्यात नक्कल करून दाखवत. मी मान्यांना एका शब्दात सांगू शकले असते. मीही सांगितलं नाही. खरं सांगायचं तर मलाही हसू येत असे. माने मात्र इरेला पेटले होते. कारखान्याची जीप मिळायची असेल तर लायसन लागत होतं, म्हणून दात-ओठ खात रोज येत.

एका गुरुवारी मला कडकोळला काही कागद द्यायचे होते, म्हणून मी मागच्या सीटवर बसले. माने चालवत होते, मेष्ट्रु शेजारी. कडकोळला जाणारा नंजनगूडचा रस्ता तेव्हा अरुंद होता. समोरून एक लॉरी दुसऱ्या लॉरीला मागं टाकत थेट आमच्या अंगावर आली. मेष्ट्रु ओरडले, "एडा! एडा घे! एडा!"

माने डावीकडे वळले नाहीत. शिवी ऐकून ऐकून त्यांचं डोकं फिरलेलं होतं. "मी येडा तर तुम्हीच चालवा!" असं म्हणून त्यांनी संतापानं ब्रेकवर दोन्ही पाय दिले. गाडी जागच्या जागी थांबली. मी पुढच्या सीटवर आपटले. लॉरी हातभर अंतरावरून निघून गेली.

मेष्ट्रुंनी फूटपट्टी मान्यांच्या गुडघ्यावर इतक्या जोरानं मारली की ती मोडली. "एडा म्हटलं तर येडा ऐकतो! डावीकडे घ्यायला काय झालं होतं तुला?"

"डावीकडे कुठं घेऊ?" माने ओरडले. "माणूस उभा आहे तिथं!"

"कुठला माणूस?"

डाव्या बाजूला, गाडीपासून चार पावलांवर, एक म्हातारा दोन शेळ्यांच्या दोऱ्या धरून उभा होता. पांढरं धोतर, डोक्याला लाल पंचा. भीतीनं त्याचं तोंड उघडं राहिलं होतं. मेष्ट्रुंच्या खिडकीतूनच तो दिसायला हवा होता. त्यांनी मान वळवली आणि त्याच्याकडे बघितलं, आणि त्यांना तो दिसला नाही. एक शेळी ओरडली तेव्हा त्यांची मान झटकन तिकडे गेली. मान्यांनी ऐकलं असतं तर तो म्हातारा आमच्या चाकाखाली असता.

ऑफिसात परत आल्यावर मेष्ट्रु, माने गेल्याची खात्री करून, माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "सुमित्रा, तू काही बघितलंस?"

"नाही मेष्ट्रु."

"अष्टेच," ते म्हणाले. म्हणजे एवढंच विचारायचं होतं. मोडकी फूटपट्टी त्यांनी माझ्या टोपलीत टाकली.

त्यानंतर मी लक्ष ठेवू लागले. वर्तमानपत्र ते आता डोळ्यांशी नेऊन, तिरकं धरून वाचत. समोरून येणाऱ्याला तो बोलेपर्यंत ओळखत नसत. आणि पायरीवरच्या तपासणीला फाटकाशी गाडी बदलायची पद्धत गुपचूप बंद झाली होती. स्कूलच्या दोन अँबॅसिडर होत्या, दोन्ही पांढऱ्या, दिसायला जुळ्या. त्यातली जुनी, सदतीस चौऱ्याऐंशी, आता रोज तिथंच उभी असे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. तरी रोज चार तास ते शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून, रस्त्यावर काय आहे ते त्याला ओरडून सांगत होते.

पन्नाशीनंतर दर पाच वर्षांनी लायसन नवं करून घ्यावं लागतं आणि त्याला डॉक्टरचा दाखला जोडावा लागतो. मेष्ट्रुंची मुदत त्या वर्षी संपत होती. दाखले द्यायला महिन्यातून एकदा एक डॉक्टर आमच्या ऑफिसात येत. भिडस्त माणूस. त्यांनी मेष्ट्रुंचा फॉर्म समोर ओढला आणि पेन उघडलं. "तुमचं काय बघायचं मेष्ट्रु? सही करतो." तिथं सही घेतली असती तर प्रश्नच नव्हता. पण व्हरांड्यात दहा-बारा शिकाऊ उभे होते, मानेही होते. मेष्ट्रुंनी फॉर्मवर हात ठेवला. "थांबा. सगळ्यांचं बघता तसं माझंही बघायचं. सगळ्यांसमोर. चहा घेऊन येतो, मग बघू." हॉटेलकडे जाताना त्यांनी फाटकाकडे एक नजर टाकली. सदतीस चौऱ्याऐंशी आपल्या जागी होती.

ते कोपऱ्यावरून वळले आणि मी मान्यांना म्हटलं, "ती गाडी काढून इकडं लावाल का? दुसरी फाटकाशी उभी करा. तुमचा पार्किंगचा सरावही होईल."

मान्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी त्या रस्त्यावर तेही होतेच. त्यांनी किल्ल्या उचलल्या. गाडी त्यांनी अगदी सफाईनं लावली, आधीच्या चाकांच्या खुणांवर बरोबर चाकं ठेवून.

मेष्ट्रु चहा घेऊन आले, पायरीवर उभे राहिले, पँटची इस्त्री सरळ केली. डॉक्टर म्हणाले, "वाचा." मेष्ट्रुंनी शाळेतल्या मुलासारखे हात मागं बांधले आणि खणखणीत आवाजात वाचलं, "तीन. सात. आठ. चार."

कुणी काही बोललं नाही. ती शांतता त्यांना आदराची वाटली असावी, कारण ते किंचित हसले. डॉक्टर चुळबुळले. "मेष्ट्रु, पुन्हा एकदा वाचा. सावकाश." त्यांनी पुन्हा वाचलं, आणखी मोठ्यानं, एकेक आकडा तोडून. मग व्हरांड्यात कुणीतरी हसलं. आधी एक, मग सगळे. त्या लोकांना हसायचं कसं ते मेष्ट्रुंनीच शिकवलं होतं.

ते पायऱ्या उतरले, रस्ता ओलांडून फाटकाशी गेले. पुढ्यात वाकले. नाक नंबरप्लेटला लागेपर्यंत वाकले, आणि तसेच बराच वेळ राहिले. मग परत आले, माझ्या टेबलाच्या दिशेनं तोंड केलं. "गाडी कुणी हलवली?"

"मी सांगितलं हलवायला."

आता ते मला काय बोलतात याची मी वाट बघत होते. सहा वर्षांची सगळी उत्तरं मी तयार ठेवली होती. ते म्हणाले, "अंतर बरोबर ठेवलंय का?"

"हो."

त्यांनी मेणकापडाचं पाकीट खिशातून काढलं आणि माझ्या टाइपरायटरवर ठेवलं. ते घेऊन ते मुदतीपर्यंत खिशात मिरवू शकले असते. एजंट लोक दुसऱ्याच दिवशी घरी पोचले होते. चार दिवसांत दाखला आणून देतो, मेष्ट्रु, डॉक्टर बघणारसुद्धा नाही. त्यांनी एकेकाला हाकलून दिलं. स्कूल महिन्याभरात विकलं. मी दुसरीकडून टेस्ट दिली आणि पहिल्याच खेपेला पास झाले. मान्यांना जीप मिळाली.

त्या म्हाताऱ्यासाठी, त्याच्या शेळ्यांसाठी, रस्त्यावरच्या कुणाकुणासाठी मी ते केलं, असं मी पुष्कळ वर्षं लोकांना सांगितलं. लोक मान डोलवतात. पण डॉक्टरांच्या कानात मी हळूच सांगू शकले असते. मेष्ट्रुंच्या बायकोला सांगू शकले असते. मुख्य म्हणजे त्यांनी मला विचारलं होतं, काही बघितलंस का, तेव्हा हो म्हणू शकले असते. मला ते बारा लोकांसमोर व्हायला हवं होतं. त्या दिवशी मला आनंद झाला, आणि तो चांगला आठवडाभर टिकला.

सहा-सात वर्षांनंतरची गोष्ट. बहिणीला बसमध्ये बसवून द्यायला मी बसस्टँडवर गेले होते. तिची बस गेली आणि मला मेष्ट्रु दिसले. खाकी पँटला तीच इस्त्री, पण शर्टाची गुंडी एक घर चुकून लागलेली. हातात नारळ-फुलांची पिशवी, नंजनगूडच्या देवाला निघाले असावेत. बस आली की ते दोन पावलं पुढं जात, कान देत, आणि कंडक्टर ओरडला नाही की पुन्हा खांबाशी येऊन उभे राहत. शेजारी माणसं होती, शाळेच्या मुली होत्या. कुणालाही विचारत नव्हते. नंजनगूडच्या तीन बसा त्यांच्यासमोरून निघून गेल्या. मी हे सगळं अर्धा तास उभी राहून बघत होते, याची मला आता लाज वाटते. तेव्हा वाटली नाही.

चौथी बस लागली तेव्हा मी त्यांच्या जवळून गेले. शेजारून कुणी बाई जातेय एवढं त्यांना कळलं असावं. खूप वेळ मनाशी तयारी करून विचारावं तसं त्यांनी कानडीत विचारलं, "अम्मा, ही कुठं जाते?"

"नंजनगूडला," मी कानडीतच सांगितलं.

त्यांचा हात दांडा शोधत हवेत फिरत होता. मी कोपराला धरून त्यांना दारापर्यंत नेलं आणि हात दांड्यावर ठेवला. पायरीवर चढून ते माझ्याकडे वळले, माझ्यापासून जरा बाजूला बघत हसले आणि म्हणाले, "मोठे उपकार झाले, अम्मा. तुझं भलं होवो." सहा वर्षांत मी त्यांच्या तोंडून असं काही कुणाला बोललेलं ऐकलं नव्हतं.

बस निम्मी रिकामी होती. ते पहिल्याच सीटवर बसले. मी खिडकीखाली उभी होते आणि नाव सांगायला तोंड उघडलं होतं. सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते उतरले असते.